अल्झायमर असलेल्या सासूबाईंचं बोलणं मध्येच तुटतं आणि पुन्हा जुळतं. ही फिट असू शकते का?

बोरीकाठची_सून

नमस्कार मंडळी. अमळनेरहून लिहितेय. सासूबाई (घरात सगळे त्यांना जिजी म्हणतो) ७४ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. अल्झायमरची डोनेपेझिल आणि बीपीची गोळी चालू आहे. सकाळी काय जेवल्या ते दुपारी आठवत नाही, सुरतची नणंद कधी येणार हे दिवसभर विचारत राहतात. बोलणं मात्र खणखणीत. ओट्यावर बसल्या की येणाऱ्याजाणाऱ्याशी अहिराणीत गप्पा चालू.

आखाजीनंतर वेगळंच काहीतरी सुरू झालंय. शेंगा फोडत बसलेल्या असतात, बोलत असतात आणि वाक्य अर्ध्यावर थांबतं. नजर एका जागी खिळते. काही चघळत असल्यासारखे ओठ हलतात. डाव्या हाताची बोटं पदराशी चाळा करत राहतात, उजवा हात ताठल्यासारखा होतो. हे मिनिटभर. मग बोलायला लागतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो. सूर बोलण्याचाच, शब्द भलतेच. पाणी हवं का विचारलं तर ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी शब्द परत येऊ लागतात, आधी अहिराणी, मग बाकीचं. त्यानंतर झोप. उठल्यावर यातलं काहीच आठवत नाही. सकाळी उठल्यानंतर तासाभरात हे जास्त होतं आणि दर वेळी याच क्रमाने होतं. हातपाय झटकत नाहीत, तोंडाला फेस नाही, पडत नाहीत.

पहिल्यांदा झालं तेव्हा अर्धांगाचा झटका समजून लगेच गाडीत घालून नेलं होतं. सीटी स्कॅनमध्ये नवीन काही नाही. शुगर तपासली, बरोबर होती. डॉक्टर म्हणाले आजार पुढे सरकतोय, वय आहे, हे होणारच. माझ्या मनाला ते पटत नाही. पुढे सरकलेला आजार तासाभरात मागे कसा येतो? कोणाच्या घरात असं पाहिलंय का?

भुसावळ_जंक्शन

ताई, पाहिलंय. माझे वडील रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी अल्झायमर. रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे. एक दिवस वाचता वाचता शब्दांची खिचडी झाली, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं, सूर तसाच बातम्या वाचल्याचा. अर्ध्या तासाने ठीक. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबला असं निदान झालं, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. ती चालू असतानाही तेच होत राहिलं, अगदी तसंच. शेवटी एका डॉक्टरांनी मोबाईलवरचा व्हिडिओ तीनदा पाहिला आणि झोपेतला ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद, करायला सांगितला. फिट निघाली. आम्ही सगळे 'फिट म्हणजे झटके' एवढंच समजून होतो.

व्हिडिओ काढला आहे का? नसेल तर आधी तो काढा. तोंडी सांगून डॉक्टरांच्या डोळ्यासमोर चित्र उभं राहत नाही.

साक्रीकर

वहिनी, विरोधासाठी विरोध करत नाही, पण ७४ वर्षांच्या बाईला आता मशिनीला जोडून काय मिळणार? माझ्या आईलाही डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होता. गोळ्यांवर गोळ्या वाढत गेल्या आणि ती दिवसभर गुंगीत. शेवटचं वर्ष तिने डोळे मिटूनच काढलं. आजार बरा होणारा नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मग प्रेमाने सांभाळा, आवडीचं खाऊ घाला.

सातपुडा_डॉक्टर

मी मूळ चोपड्याचा, मेंदूविकारांवर काम करतो. इथे निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण बोरीकाठच्या ताईंनी जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की त्यावर सविस्तर बोललं पाहिजे.

आधी धोक्याचं. कोणाचंही बोलणं पहिल्यांदा अचानक तुटलं तर तो लकवा आहे असं धरूनच पळायचं. अल्झायमर असो वा नसो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'थोडं थांबून बघू' यात ती वेळ जाते. ताईंनी लगेच नेलं, ते अगदी बरोबर. १०८ ला फोन करताना 'बोलणं अचानक बंद झालंय' हे शब्द वापरा आणि शेवटचं ठीक किती वाजता पाहिलं ते सांगा.

आता फिटबद्दल. अल्झायमरमध्ये पेशी मरतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी आणि त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे जिवंत पेशी गरजेपेक्षा जास्त पेटू लागतात. अमायलॉइड आणि टाऊ ही जी दोन प्रथिनं साचतात, त्यांचा परिणाम पेशींना आवरणाऱ्या छोट्या पेशींवरही होतो. आवर सुटला की एकाच भागातल्या पेशी एकदम, एका तालात विजेचे संदेश सोडतात. तीच फिट. २००७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं होतं: माणसाचं सदोष अमायलॉइड जनुक घातलेल्या उंदरांच्या मेंदूत फिटचा विद्युत खेळ चालू होता आणि उंदीर बाहेरून नुसते स्तब्ध बसलेले होते. हातपाय झटकणं नव्हतंच.

माणसातही तसंच. अल्झायमरच्या रुग्णांतल्या बऱ्याचशा फिट या झटक्यांशिवायच्या असतात. एका फीडरवर लोड येऊन तो ट्रिप झाला की त्याच्यावरचीच गावं अंधारात जातात, बाकीचा तालुका उजेडात असतो. फिटही तशी मेंदूच्या एका भागापुरती असू शकते. अल्झायमरची सुरुवात बहुतेक वेळा कानशिलामागच्या भागात, आठवणींच्या केंद्राजवळ होते आणि फिटही तिथेच जास्त उगवतात. बहुतेक लोकांत भाषेचं जाळं डाव्या बाजूला असतं. तिथे फिट आली की बोलणं आणि समजणं दोन्ही कोलमडतं. फिट स्वतः मिनिट-दोन मिनिटांत थांबते, पण तो भाग थकून बंद राहतो, म्हणून पुढची पंधरा मिनिटं, तासभर, कधी त्याहून जास्त वेळ शब्द सापडत नाहीत. ओठ चावणं, डाव्या हाताचा चाळा आणि उजवा हात ताठ, हे तिन्ही एकत्र सांगितलं की माझी नजर डाव्या कानशिलाकडे जाते.

ताईंनी विचारलेला प्रश्नच खरी खूण आहे. अल्झायमरमुळे शब्द हरवतात ते महिन्या-महिन्यांनी, हळूहळू, आणि गेलेले सहसा परत येत नाहीत. अचानक जाऊन परत येणारं, दर वेळी एकाच साच्यातलं, हे 'आजार पुढे सरकला' या खात्यात टाकू नये. रक्तपुरवठा थोडा वेळ थांबल्यानेही बोलणं जाऊन परत येतं, पण त्यात ओठ चावणं, चाळा, नंतरची गुंगी सहसा नसते आणि पुन्हा पुन्हा हुबेहूब तसंच घडणं कमी. शुगर उतरणं, सोडियम कमी होणं, लघवीचा संसर्ग यांनीही म्हातारी माणसं असंबद्ध बोलतात. ते साध्या तपासण्यांत कळतं, म्हणून त्या आधी करून घ्या.

किती जणांना होतं? अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, पण अल्झायमरच्या दर शंभरात साधारण दहा ते बावीस जणांना कधी ना कधी फिट येते हा आकडा बऱ्याचदा दिला जातो. त्याच वयाच्या निरोगी लोकांपेक्षा हे प्रमाण कितीतरी पट आहे. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज होता की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे, आणि त्यात अल्झायमरच सर्वांत जास्त. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं, ताईंचं घर एकटं नाही.

साक्रीकर भाऊ, तुमच्या मुद्द्याकडे येतो, तो महत्त्वाचा आहे. थोडं थांबा, ओपीडी आहे.

बोरीकाठची_सून

डॉक्टर, वाचून रडू आलं आणि हायसंही वाटलं. काल सकाळी पुन्हा झालं. यजमानांनी व्हिडिओ काढला. दोन शंका. ईईजीत हे नक्की दिसतं का? आणि शब्द परत येताना अहिराणी आधी का येते? यजमान म्हणतात, मराठी शाळेत शिकलेली, अहिराणी पाळण्यातली, म्हणून.

वाचा_धुळे

दुसऱ्या प्रश्नावर मी बोलते. मी वाचा-भाषा उपचार करते. दोन भाषा बोलणाऱ्यांची वाचा गेली की बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात. काहींमध्ये एक पुढे येते; ती लहानपणीची असू शकते किंवा रोजच्या वापरातली. जिजींच्या बाबतीत दोन्ही अहिराणीच आहेत, त्यामुळे यजमानांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

पण यातून एक फार व्यवहारातली गोष्ट निघते, ती खान्देशात सगळ्यांनी ऐकावी. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची स्मृतीची आणि भाषेची तपासणी पुस्तकी मराठीत होते. चित्र दाखवून नाव विचारतात, वाक्य म्हणायला लावतात. ज्यांची सगळी हयात अहिराणीत, तावडीत किंवा लेवा बोलीत गेली, पावरी किंवा भिलीत गेली, त्यांचे गुण तिथेच कापले जातात. मग आजार आहे त्याहून पुढे गेलेला दिसतो. तपासणीला जाताना घरचं एक माणूस बरोबर ठेवा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की प्रश्न आम्ही बोलीत विचारतो.

झटका चालू असतानाही तेच. व्हिडिओ नुसता चेहऱ्याचा नको, तुमचा प्रश्न आणि त्यांचं उत्तर त्यात आलं पाहिजे. आधी नाव घेऊन हाक मारा. 'तुमनं नाव काय शे?' विचारा. मग हात वर करायला सांगा, पण स्वतः करून दाखवू नका, नाहीतर नक्कल करतील आणि समजलं असं वाटेल. वाटी दाखवून 'हाई काय शे?' विचारा. एक छोटं वाक्य तुमच्या मागून म्हणायला लावा. समजतं पण बोलता येत नाही, की बोलतात पण समजत नाही, की दोन्ही गेलंय, हे यावरून वेगळं काढता येतं. दोन्ही हात चौकटीत येऊ द्या. उत्तर येईना म्हणून आवाज चढवू नका, त्यांना ऐकू येतंय.

सुरतचा_खान्देशी

मूळ शिंदखेड्याचा, आता उधन्याला. आईला हे व्हायचं तेव्हा गावाकडे काकू म्हणायच्या बाहेरचं आहे, कानबाईच्या रोटांच्या वेळी काहीतरी राहून गेलं. कोणी कांदा हुंगवायचं, कोणी चप्पल. मी श्रद्धेच्या आड येत नाही, आमच्या घरी आजही कानबाई बसते. पण नाकाला चप्पल लावून शब्द परत येत नाहीत हे मी पाहिलंय. ते आपोआप येतात आणि श्रेय चपलेला जातं.

सातपुडा_डॉक्टर

सुरतच्या भाऊंचं बरोबर. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालायचं नाही. कांदा-चप्पल नाही. हात दाबून धरायचे नाहीत. जवळची विळी, स्टोव्ह, गरम भांडं बाजूला करायचं, त्या उठून चालू लागल्या तर अडवण्यापेक्षा बरोबर चालायचं. आडव्या झाल्या तर एका कुशीवर. घड्याळ बघायचं. मिनिटभराची स्तब्धता पाच मिनिटांवर गेली, किंवा एकातून बाहेर न येता दुसरी सुरू झाली, तर रुग्णालय. आणखी एक गोष्ट क्वचित घडते, पण माहीत असावी: कधी कधी फिट तासन्‌तास चालू राहते आणि बाहेरून दिसतं ते एवढंच की माणूस जागा आहे पण भाषा नाही. बोलणं नेहमीच्या वेळेत परत आलं नाही तर 'आज जास्त थकल्या' म्हणून झोपवून ठेवू नका.

ईईजीबद्दल. माणसाच्या मेंदूची विद्युत नोंद हान्स बर्गरने १९२४ मध्ये पहिल्यांदा घेतली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली, पण टाळूवरच्या तारांची एक मर्यादा तेव्हाही होती आणि आजही आहे: खोल भागातलं त्यांना नीट ऐकू येत नाही. २०१७ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी अल्झायमरच्या दोन रुग्णांत कवटीच्या तळाच्या नैसर्गिक छिद्रातून बारीक तारा आठवणींच्या केंद्राजवळ नेल्या. तिथे फिट चालू होत्या, बहुतांशी झोपेत, आणि टाळूवरच्या तारांवर त्यांचा मागमूस नव्हता. म्हणून वीस-तीस मिनिटांचा जागेपणीचा ईईजी नॉर्मल आला की विषय संपला असं समजायचं नाही. झोप मिळेल असा, शक्य असेल तर रात्रभराचा करा. २०१६ च्या एका अभ्यासात कधीही फिट न आलेल्या अल्झायमरच्या रुग्णांची रात्रभर नोंद घेतली, तर सुमारे ४२ टक्क्यांत फिटसारख्या ठिणग्या दिसल्या; त्याच वयाच्या निरोगी लोकांत साधारण १० टक्क्यांत. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: ठिणगी दिसली म्हणजे फिट आहेच असं नाही. घरच्यांनी सांगितलेली हकिकत, व्हिडिओ आणि ईईजी, तिन्ही एकत्र वाचायचे.

साधी तयारी सांगतो. आदल्या दिवशी डोकं धुवा आणि तेल अजिबात लावू नका. आपल्याकडच्या आज्यांना ते चैन पडत नाही, पण तेलावर तारा चिकटत नाहीत. तरुण रुग्णाला आम्ही रात्रभर जागवतो, डिमेन्शियाच्या माणसाला तसं जागवायचं नाही, गोंधळ वाढतो. थोडं उशिरा झोपवून लवकर उठवा आणि त्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्या. नेहमीची चादर न्या. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. एमआरआय झाला नसेल तर तोही लागेल, सीटीत लहान जुने डाग दिसत नाहीत.

साक्रीकर भाऊ, आता तुमचं. फिट थांबल्याने अल्झायमर बरा होत नाही. मी कोणालाही तशी आशा लावत नाही. पण प्रत्येक फिटनंतरची अर्धी सकाळ गुंगीत जाते, पडण्याची भीती असते, घास घशात अडकू शकतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे ज्या भाषेत तिला 'दुखतंय' म्हणता येतं तीच त्या वेळेपुरती काढून घेतली जाते. आवडीचं खाऊ घाला म्हणता, तर काय आवडतं हे सांगायला तिला शब्द हवेत. औषधाने कमी होऊ शकणारी गोष्ट कमी करणं हा सांभाळण्याचाच भाग आहे.

गुंगीचा तुमचा अनुभव मात्र खरा आहे. औषध कोणतं आणि किती, यावर सगळं अवलंबून असतं.

मेडिकलवाला_पारोळा

दुकानात रोज दिसतं ते सांगतो. फिनोबार्ब आणि फेनिटॉइन ही फिटची जुनी औषधं स्वस्त आहेत म्हणून चालू राहतात. म्हातारी माणसं त्यावर झोपाळतात, तोल जातो, फेनिटॉइनचं बाकी औषधांशी पटत नाही. कार्बामाझेपिनने सोडियम उतरतं, बीपीची पाणी काढणारी गोळी चालू असेल तर आणखी. आजकाल डॉक्टर लेव्हेटिरॅसिटाम जास्त लिहितात.

आणि फिटचा उंबरठा खाली आणणारी औषधं घरात पडलेली असतात. गुडघेदुखीला कोणाकडून तरी आणलेली ट्रॅमाडॉल त्यातली एक नंबर. काही अँटिबायोटिक्स, काही डिप्रेशनच्या गोळ्या. झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्या तरी फिट येते. जिजींच्या सगळ्या पट्ट्या, वेदनाशामक धरून, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. यादी लिहून नेलेल्यांच्या यादीत नेमकी गुडघ्याची गोळी नसते.

साक्रीकर

डॉक्टर, मेडिकलवाले भाऊ, शांतपणे सांगितलंत, आभारी आहे. माझ्या आईला लेव्हेटिरॅसिटामच दिलं होतं. ती शिव्या द्यायला लागली, ज्या बाईने आयुष्यात कोणाला अरे केलं नाही. आम्हाला वाटलं आजारच तो.

सातपुडा_डॉक्टर

ते औषधाने असण्याची शक्यता होती. चिडचिड, रडू, राग हे त्याचे माहीत असलेले परिणाम आहेत आणि तसं झालं तर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. लॅमोट्रिजिन हा एक पर्याय, पण ते फार हळू वाढवावं लागतं, अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवावं लागतं. म्हाताऱ्या माणसात नियम एकच: थोडक्यापासून सुरुवात आणि सावकाश वाढ.

एक अभ्यास सांगतो, कारण लोक त्याचा अर्धाच भाग पुढे पाठवतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत ३४ अल्झायमरच्या रुग्णांना चार आठवडे लेव्हेटिरॅसिटाम अगदी कमी मात्रेत, १२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, दिलं. सगळ्यांची सरासरी धरली तर बुद्धीत फरक पडला नाही. ज्यांच्या मेंदूत फिटसारख्या ठिणग्या आढळल्या होत्या, त्यांची मात्र काही चाचण्यांतली कामगिरी सुधारली. म्हणजे हे 'स्मरणशक्तीचं औषध' म्हणून सरसकट मागायचं नाही. ज्याला फिट आहे त्याने घ्यायचं.

डोनेपेझिलच्या माहितीपत्रकातही फिटचा इशारा असतो. त्यामुळे जिजींच्या डॉक्टरांना विचारा, पण ते स्वतःहून बंद करू नका.

बोरीकाठची_सून

बरेच दिवसांनी लिहितेय. नाशिकला जाऊन आलो. आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोडियम थोडं कमी निघालं, पाणी काढणारी गोळी बदलली. एमआरआयमध्ये कानशिलामागचा भाग आकसलेला, ताजा लकवा नाही. पहिला ईईजी साधा झाला, तो नॉर्मल आला. नणंद म्हणाली चला घरी. डॉक्टरांच्या या धाग्यावरचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं आणि दुपारच्या झोपेतला मागितला. झोप लागल्यावर डाव्या कानशिलावर ठिणग्या दिसल्या. तिथल्या डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला, त्यात यजमान अहिराणीत विचारतात आणि जिजी वाटीकडे बघून भलतंच काही बोलतात, ते त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं. औषध सुरू केलं, थोडक्यापासून.

आता काय ते खरं सांगते. नणंद कधी येणार हे अजूनही दिवसभर विचारतात. काल मला वहिनी म्हणाल्या. स्मरणात काही फरक नाही. पण सकाळचं ते तुटणं फार कमी झालंय, झालं तरी लवकर आवरतं, आणि सकाळ झोपेत जात नाही. पहिला आठवडा सुस्ती होती, मग गेली. परवा भरताची वांगी भाजताना मला म्हणाल्या की आच कमी कर, आणि बरोबर होतं त्यांचं.

एक गोष्ट सर्व सुनांना सांगावीशी वाटते. मी वहीत तीनच रकाने केले होते: किती वाजता, किती वेळ, आधी काय (झोप कमी, ताप, गोळी चुकली). नाशिकच्या डॉक्टरांनी ती वही सर्वांत आधी मागितली. रात्रीची झोप तुटली की दुसऱ्या दिवशी झटका, हे त्या वहीतूनच दिसलं.

शहाद्याची_ताई

हे सगळं वाचून विचारते. आमच्या बाबांना अल्झायमर आहे. त्यांचं बोलणं जात नाही, पण सकाळी चहाची कपबशी हातातून उडते. हात एकदम झटकतो, विजेचा झटका बसल्यासारखा, क्षणभर. हे वेगळं का?

सातपुडा_डॉक्टर

हो, याचं रूप वेगळं. याला आम्ही मायोक्लोनस म्हणतो. क्षणभराचा झटका, शुद्ध जात नाही. अल्झायमरच्या पुढच्या टप्प्यात आणि कमी वयात सुरू झालेल्या अल्झायमरमध्ये दिसतो. कधी औषधामुळे किंवा किडनीच्या बिघाडानेही येतो, म्हणून रक्त तपासा. डॉक्टरांना 'हात थरथरतो' असं सांगू नका, ते कंपवाताकडे जातील. 'एकदम उडतो' असं सांगा. उकळता चहा हातात देऊ नका, तेवढं आजपासून.

केळीबाग_रावेर

माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. माझा धाकटा भाऊ ४८ वर्षांचा, जन्मापासून डाऊन सिंड्रोम. आमच्यातच वाढला, केळीच्या बागेत माझ्याबरोबर यायचा, घड मोजायचा, गाणी म्हणायचा. गेल्या वर्षापासून गप्प होत चाललाय. सकाळी अंग उडतं, शहाद्याच्या ताई म्हणतात तसं. झटका आला की दोन-तीन दिवस एक शब्द नाही. सगळे म्हणतात असल्या मुलांचं असंच असतं, एवढा जगला हेच खूप. हे ऐकून माझा जीव जळतो.

सातपुडा_डॉक्टर

भाऊ, 'असल्या मुलांचं असंच असतं' हे वाक्य मुळीच स्वीकारू नका.

डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात. ज्या जनुकापासून अमायलॉइड बनतं ते नेमकं याच गुणसूत्रावर आहे. म्हणजे अमायलॉइडचा कच्चा माल जन्मभर दीडपट. चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल झालेले असतात, आणि स्मृती-बोलण्यावर त्याचा परिणाम पन्नाशीच्या आसपास दिसू लागतो. या लोकांत फिटचं प्रमाण तर फारच जास्त आहे. चाळिशीनंतर सकाळी अंग उडणं सुरू होणं आणि त्याच सुमारास बोलणं, येणंजाणं कमी होणं, हा प्रकार ओळखीचा आहे. तो ओळखला तर औषध देता येतं. इथे मात्र औषध निवडताना फार जपावं लागतं, कारण फिटची काही नेहमीची औषधं, उदाहरणार्थ फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, अंग उडणं वाढवू शकतात.

जाताना आणखी दोन तपासण्या मागा. थायरॉइड, कारण डाऊन सिंड्रोममध्ये ते मंदावणं फार नेहमीचं आहे आणि त्यानेही माणूस गप्प होतो. आणि कान. त्यांना ऐकू कमी येत असेल आणि घरात सगळे 'आता समजत नाही' म्हणत असतील.

वाचा_धुळे

रावेरच्या दादा, तो आधी कोणती गाणी म्हणायचा, मोजताना कुठपर्यंत जायचा, घरच्यांना कोणत्या नावांनी हाक मारायचा, हे आजच लिहून काढा. जुने व्हिडिओ असतील तर तेही घ्या. जन्मापासून ज्याचं बोलणं वेगळं आहे त्याची तुलना इतरांशी करून काही कळत नाही, त्याची त्याच्याशीच करावी लागते. डॉक्टर त्याला पहिल्यांदाच बघणार. त्याचं पूर्वीचं बोलणं फक्त तुम्हाला माहीत आहे.

केळीबाग_रावेर

लिहायला बसलोय. शंभरपर्यंत मोजायचा, मध्ये साठ नेहमी सोडायचा. लग्नातला एक व्हिडिओ सापडला, त्यात बोलतोय. पुढच्या आठवड्यात जळगावला जातोय. लहानपणी एकदा ईईजी झाला होता, त्याचा कागद ट्रंकेत आहे. इतका जुना कामाचा आहे का?

सातपुडा_डॉक्टर

आहे. नुसता रिपोर्ट नको, आलेखाची पानं असतील तर तीही न्या, घडी न मोडता. तेव्हा ठिणग्या होत्या की नव्हत्या यावरून आताच्या गोष्टीचं वय कळतं. आणि नोंदणी करताना सकाळची वेळ मागा, उठल्याउठल्या अंग उडतं म्हणालात ना.